बूट होते, बाबा

पुणे,
९ जानेवारी

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

आई, आधी तुझ्या कामाचं. दिवाळीत तुझ्या हिशेबाच्या वह्या मी 'रद्दीत घालतो' म्हणून गाडीच्या डिकीत टाकल्या होत्या ना, त्या रद्दीत गेलेल्या नाहीत. २७च्या २७ शाबूत आहेत. पण आता माझ्याकडेही नाहीत. जुने कागद जपणारी एक संस्था आहे इथं, त्यांना मागच्या मंगळवारी दिल्या. सही करून, तुला न विचारता. फोनवर सांगायला तीनदा सुरुवात केली, तिन्ही वेळा तू 'जेवलास काय' म्हणालीस आणि राहूनच गेलं.

रागाव, पण पत्र पुरतं ऐकून मग. ऐकून म्हणतोय, कारण डोळ्याच्या ऑपरेशनला अजून महिना झालेला नाही. बाबांना मोठ्यानं वाचायला सांग. आणि बाबा, पुढचं तुमच्याबद्दल आहे, तेही वगळू नका.

माझी ती कथा आठवत असेलच. अनवाणी पोराची, १५ ऑगस्टच्या संचलनात मागच्या रांगेत उभं केलेल्या. दिवाळी अंकात आली, चार ठिकाणी वाचून दाखवली, लोकांनी डोळे पुसले. तुम्ही ती पडवीत बसून वाचलीत, चष्मा काढलात आणि एवढंच म्हणालात, "बूट होते तुला." मी म्हटलं, "बाबा, कथा आहे हो ती." तुम्ही उठून झाडांना पाणी घालायला गेलात. पुढचा महिनाभर आपण फक्त हवापाण्याचं बोललो. याला आता बारा वर्षं झाली.

नोव्हेंबरात एका लेखासाठी जुन्या दळणाचा दर हवा होता, म्हणून आईची १९८४ची वही उघडली. ११ जून. जसंच्या तसं उतरवतो:

"दळण. रॉकेल २ लिटर. वह्या ६. बाळू कॅनव्हास बूट पांढरे, १ जोड. माझ्या चपलेला अंगठा."

म्हणजे प्रेस बंद पडलं त्याच साली, बाबा. तुमचे हात छपाईचे खिळे जुळवायचं सोडून दुसऱ्यांच्या दुकानात पुडे बांधत होते तेव्हा. बूट होते. मी ती ओळ किती वेळा वाचली ते सांगत नाही. तुम्ही सांगत होतात आणि मी तुम्हाला कथा म्हणजे काय ते शिकवत होतो.

पण थांबा. तीच वही, १३ ऑगस्ट: "बाळूचे बूट कपिलेश्वराच्या तळ्यावर गेले. यांना सांगितलं नाही."

आई! बेचाळीस वर्षं झाली की गं. म्हणजे बाबा म्हणतात ते खरं, आणि दोन दिवसांनी मी ओल्या मैदानावर अनवाणी उभा होतो तेही खरं. मधली एक ओळ तुझ्या वहीत बसून होती. मला त्या तळ्याचं काही आठवत नाही. बूट पायात घातल्याचंही नाही. आठवतात फक्त चिखलात रुतलेले माझे दोन पाय, आणि त्या दोन पायांवर मी आख्खी गरिबी उभी केली. बाबा, आता त्या बुटांवरून आईला बोलायचं नाही. मुदत टळून गेली.

वह्या देण्याचं एक कारण हेच. माझी कथा छापील आहे, ती राहणार. कुणी उद्या आपलं घर त्या कथेवरून ओळखलं, तर शेजारी आईची ओळही असू दे. एवढं तरी मी तुमचं देणं लागतो.

तू म्हणशील, आमचं दळणकांडण वाचून लोक काय करणार, इंदिराबाई संतांचं वेगळं, त्या कवयित्री. खरंय. त्यांचे यजमान १९४६ साली गेले, पदरात तीन मुलं, आणि ते सगळं आपल्याच बेळगावात राहून त्यांनी कवितेत आणलं. 'गर्भरेशीम'ला साहित्य अकादमी मिळालं ते साल १९८४, म्हणजे तुझ्या अंगठ्याचंच साल बघ. कविता करणाऱ्याला काय ठेवायचं, काय गाळायचं हे ठरवता येतं. तुझ्या वहीला तशी सोय नव्हती. त्या दिवशी जे झालं ते रॉकेलच्या खाली लिहिलं गेलं. म्हणूनच त्या बाईंनी (संग्रह सांभाळतात त्या) पहिली वही दहा मिनिटं चाळली आणि चहा निवत ठेवून दुसरी उघडली.

बाबा, आता कात्रणांचं. वाईट वाटून घेऊ नका. मी आधी तुमच्याच सीमाप्रश्नाच्या फायली पुढे केल्या होत्या: महाजन अहवाल १९६७चा, ८६चं आंदोलन, २००४ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला तेव्हाच्या तीन जाड फायली. त्या म्हणाल्या, वर्तमानपत्रांचे अंक दुसरीकडे सापडतात, वह्या कुठेच सापडणार नाहीत. माझा चेहरा पडला असणार. मग त्यांनी एक फाईल सहज उघडली आणि समासातलं तुमचं पेन्सिलीचं बारीक अक्षर बघितलं, 'आकडा चूक, मी तिथं होतो' वगैरे. तशा चार फायली त्यांनी स्वतःहून मागून घेतल्या. छापील मजकूर कुठंही मिळेल, पण तुमच्या चुका काढणं कुठं मिळणार? बाकीच्या तुमच्या कपाटात जशाच्या तशा परत येताहेत. निकाल लागेल तेव्हा लागतील म्हणता, तर हाताशीच असू देत.

जून ८६चं तुमचं कात्रण आणि आईचं पान त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं. कात्रणात कन्नड सक्ती, मोर्चा, गोळीबार, मृतांचे आकडे. आईच्या पानावर: "दूध आलं नाही. बाजार बंद. शेजारून तांदूळ उसने. हे घरी नाहीत. मेणबत्त्या २." दुसऱ्या दिवशी तेच, फक्त मेणबत्ती १. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर आपण दरवर्षी जातो, पण त्या दोन रात्री घरात काय होतं हे मला या मेणबत्त्यांनी सांगितलं. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो, तुझ्या कुशीत झोपलो होतो म्हणे. तुझ्या लुगड्याला हळदीचा आणि रॉकेलचा वास यायचा, तो मात्र मला खात्रीनं आठवतो. की हीसुद्धा कथाच, कोण जाणे.

१९७९च्या मे महिन्याची चार पानं कुणीही वाचणार नाही. ती वेगळ्या पाकिटात बंद आहेत. तू, ताई आणि मी, तिघांच्या सह्यांशिवाय उघडायची नाहीत असं लिहून घेतलंय. ताईशी बोलूनच केलं. फाडून टाकू का, असा विचार आला होता. हात झाला नाही. तू म्हणालीस तर ती चार पानं परत आणून तुझ्या हातात देईन, पुढचं तू बघ.

बाकी सगळ्या वह्यांचे रंगीत फोटो काढून, छापून, बांधून तुला पाठवतोय, अक्षर मोठं करून. मूळ वहीपेक्षा तुला तीच बरी पडेल. मूळ वह्या तिथं थंड, कोरड्या खोलीत आहेत. आपल्या माळ्यावर आठवा, चार महिने पाऊस, भिंतीला ओल, कसर तर अशी की १९७६ची वही चाळणीसारखी झाली होती.

आता कामाचं, आणि यात वाद नको.

बाबा, माळ्यावर चढायचं नाही. शिडी मी समोरच्या काकांकडे देऊन आलोय, मागायला जाऊ नका, त्यांना सांगून ठेवलंय. कात्रणांना सेलोटेप लावणं आजपासून बंद. टेप सुकून गळते, पण डिंक कागदात उतरून तपकिरी पट्टा राहतो, अक्षरं खातो. टाचण्या काढा, गंजतात. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, आपोआप पिवळा पडून तुटतो आणि शेजारच्या चांगल्या कागदालाही डाग देतो, म्हणून आजोबांची मोडीतली पत्रं त्या फायलींतून बाहेर काढून वेगळी ठेवा. लॅमिनेशन तर मुळीच नको, दुकानदार काहीही सांगू दे. बीपीची गोळी सकाळी, चहाच्या आधी.

आई, डोळ्यात थेंब दिवसातून चार वेळा, तीन नव्हे. भाकरीच्या तव्यापाशी अजून पंधरा दिवस जायचं नाही, येणाऱ्या मावशींना थापू दे. जाड थापतात हे मलाही माहितीय. गीझरचा माणूस शनिवारी येईल, पैसे दिलेत, चहा तेवढा द्या.

रविवारी साडेदहाला फोन करतो. तुझ्या वह्यांत काही नावं नुसती पहिल्या अक्षरानं लिहिलीस, ती त्या बाईंनी विचारलीत. १९९१च्या मार्चमध्ये 'सं.ला दिले ५०, परत नकोत' असं आहे. हा सं. कोण? ताईला वाटतं संगीतामावशी, मला नाही वाटत. सांगायचं नसेल तर नको सांगूस, कोरं ठेवू.

तुमचा,
बाळू

ता. क. कुंदा पाठवू नका. पाठवायचाच असेल तर अर्धा किलो, आणि कुरिअरनं नको, ताई येईल तेव्हा.