ब्रिजवॉटर कालवा आणि विस्मरणात गेलेला कारभारी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत अठराव्या शतकातील इंग्लंडमधल्या कालव्यांवर आलेला लेख आवडीने वाचला. असा विषय मराठी वृत्तपत्रात येतो याबद्दल आपले आभारच मानले पाहिजेत. मात्र वर्स्लीच्या खाणींतला कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी खणलेल्या ब्रिजवॉटर कालव्याचे सगळे श्रेय लेखकाने एक द्रष्टा उमराव (ब्रिजवॉटरचा ड्यूक) आणि एक अल्पशिक्षित पण प्रतिभावान अभियंता (जेम्स ब्रिंडली) अशा दोघांत वाटून टाकले आहे. ज्या माणसाने हे काम प्रत्यक्ष उभे केले आणि सांभाळले, त्या जॉन गिल्बर्ट या जहागिरीच्या कारभाऱ्याची बोळवण मात्र ‘ड्यूकचा एक नोकर’ एवढ्यावर झाली आहे. पाटबंधारे खात्यात उभी हयात गेलेल्या माझ्यासारख्याला हे खटकले, म्हणून हे पत्र.

लेखाची सुरुवातच प्रेमभंगापासून होते. फ्रान्सिस एगर्टन, ब्रिजवॉटरचा तिसरा ड्यूक, याचा जन्म 1736चा. थोरल्या भावाच्या मृत्यूनंतर 1748मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, तो ड्यूक झाला. हॅमिल्टनच्या ड्यूकची विधवा एलिझाबेथ गनिंग हिच्याशी ठरलेला त्याचा विवाह 1758मध्ये मोडला, आणि त्या दुःखात लंडनचे दरबारी जीवन सोडून तो मँचेस्टरजवळच्या वर्स्ली या आपल्या जहागिरीत जाऊन कालवा खणू लागला, अशी ही हकीकत आहे. ती रंगते खरी, पण तिच्यात कालक्रम बसत नाही. गिल्बर्ट वर्स्लीच्या खाणी पाहू लागला तो 1757च्या सुमारास, म्हणजे लग्न मोडण्याच्या आधी. आणि वर्स्लीच्या ओढ्यातून कोळसा होडीने न्यावा म्हणून ड्यूकच्या वडिलांनी पार्लमेंटकडून कायदा करून घेतला होता तो तर त्याच्याही कितीतरी आधी, 1737मध्ये. प्रश्न जुना होता, वडिलार्जित होता आणि तो पैशांचा होता. ड्यूकने तरुणपणीच्या युरोपच्या प्रवासात फ्रान्समधला दक्षिणेचा मोठा कालवा पाहिला होता, त्याचाही परिणाम झालाच असेल. पण कालवा पाहून येणे वेगळे आणि आपल्याच खाणीच्या तोंडाशी तो का हवा व कसा परवडेल हे जाणणे वेगळे.

हे जाणायला गिल्बर्टची घडण उपयोगी पडली. त्याचा जन्म 1724चा, स्टॅफर्डशरमधल्या कॉटन गावचा. बर्मिंगहॅममध्ये बकले-बटणे अशा धातूच्या वस्तू बनवणाऱ्या मॅथ्यू बोल्टन या कारखानदाराकडे त्याने उमेदवारी केली. (वाफेच्या इंजिनामुळे जेम्स वॉटच्या जोडीने ज्याचे नाव झाले, तो बोल्टन या कारखानदाराचा मुलगा.) वडील वारल्यावर गिल्बर्ट गावी परतला आणि घरच्या चुनखडीच्या खाणींचा व्यवहार पाहू लागला. त्याचा थोरला भाऊ टॉमस हा वकील होता आणि ड्यूकचा मेहुणा अर्ल गॉवर याचा मुख्य कारभारी होता. ड्यूकच्या जहागिरीतही त्याचे वजन होते, आणि त्याच्याच शब्दावर धाकट्याला वर्स्लीला बोलावण्यात आले. म्हणजे कारखान्यात धातू हाताळलेला, खाणीत हिशेब ठेवलेला आणि कूळ, खंड, करार यांची घरातच माहिती मिळालेला असा हा माणूस होता. त्या काळच्या बहुतेक कारभाऱ्यांची मजल खंडवसुली, कुळांची भांडणे आणि कुंपणांची दुरुस्ती यापुढे जात नसे.

वर्स्लीच्या डोंगरात कोळशाचे थर होते आणि त्यांत पाणी भरत होते. पाणी काढून देण्यासाठी डोंगराच्या पोटात निचऱ्याचे बोगदे खणण्याची पद्धत होतीच. दुसरी अडचण बाजाराची होती. मँचेस्टर जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर, पण कोळसा घोड्यांच्या पाठीवरून न्यायचा तर भाडे भारी, आणि नदीतून न्यायचा तर मर्सी-इर्वेल जलमार्ग ताब्यात असलेल्या कंपनीचा कर भारी. गिल्बर्टच्या योजनेत या दोन्ही अडचणी एकमेकींना भिडवल्या होत्या. निचऱ्याचा बोगदा होडी जाईल एवढा रुंद करायचा, खाणीतून निघणारे पाणी बाहेरच्या कालव्याला पुरवायचे, आणि कोळसा खाणीच्या पोटातच होडीत भरून तीच होडी मँचेस्टरच्या दिशेने काढायची. जे पाणी उपसायला खर्च येत होता तेच पाणी आता माल वाहणार होते. कल्पना मुळात ड्यूकची की गिल्बर्टची, यावर अभ्यासकांत एकमत नाही. माझे मत मात्र कारभाऱ्याच्या बाजूने आहे, कारण निचऱ्याचा खर्च, वाहतुकीचे भाडे आणि बाजारातला भाव ही तिन्ही खाती रोज एकाच मेजावर ज्याच्यापुढे उघडी असत, असा माणूस त्या जहागिरीत तोच एक होता.

वर्स्ली डेल्फ या जुन्या दगडखाणीच्या कड्यात या बोगद्यांची तोंडे आजही दिसतात. तिथले पाणी लोखंडाच्या गंजामुळे नारिंगी असे. आत शिरणाऱ्या होड्या लांबट, अरुंद आणि आतल्या लाकडी फासळ्या उघड्या राहिलेल्या अशा असत. पुढच्या काळात भूमिगत कालव्यांचे हे जाळे वाढत वाढत सुमारे 74 किलोमीटरपर्यंत गेले. ते चार वेगवेगळ्या पातळ्यांवर होते, आणि वरच्या पातळीवरची होडी खालच्या पातळीवर उतरवण्यासाठी डोंगराच्या आतच एक उतरण बांधली गेली. कोळसा लाकडी पेट्यांत भरलेला असे आणि मँचेस्टरच्या धक्क्यावर त्या पेट्या पाण्याच्या चाकावर चालणाऱ्या यारीने वर ओढत. लेखात या भागाला दोनच ओळी मिळाल्या आहेत, आणि माझ्या मते सगळ्या प्रकल्पाचे मर्म इथेच होते.

आता ब्रिंडलीविषयी. जेम्स ब्रिंडली हा असामान्य कारागीर होता, याबद्दल दुमत नाही. पण या कालव्यासाठीचा पहिला कायदा 1759च्या मार्च महिन्यात मंजूर झाला आणि ब्रिंडली वर्स्लीला आला तो त्यानंतर, जुलैत. त्याला आणले गिल्बर्ट बंधूंनीच. अर्ल गॉवरसाठी ट्रेंट नदीच्या बाजूची पाहणी त्याने आधी केलेली असल्यामुळे तो त्यांच्या परिचयाचा होता. पहिल्या आराखड्यात कालवा इर्वेल नदीच्या उत्तरेकडूनच सॅलफर्डला जाणार होता. तो बदलून नदी ओलांडून स्ट्रेटफर्डमार्गे मँचेस्टर गाठायचे ठरले, आणि त्यासाठी 1760मध्ये दुसरा कायदा घ्यावा लागला. नदीवरून कालवा नेणारा बार्टनचा तीन कमानींचा दगडी जलसेतू 17 जुलै 1761 रोजी खुला झाला. जानेवारीत आपल्याकडे पानिपत झाले, त्याच वर्षीचा हा जुलै.

या जलसेतूची एक हकीकत आपल्या लेखकाने गाळली आहे. कमानींवर पाणी सोडून पाहिले तेव्हा एक कमान वाकू लागली. परंपरेने सांगितले जाते ते असे की, ब्रिंडलीचा धीर सुटला आणि तो स्ट्रेटफर्डला जाऊन अंथरुणाला खिळला. मग गिल्बर्टने कमानीच्या अंगावरचा भार उतरवून घेतला, चिकणमातीचा थर नव्याने मळून, तुडवून बसवून घेतला आणि पाणी पुन्हा सोडले. मातीकाम ज्याने केले आहे त्याला यातले मर्म कळेल. चिकणमाती जाड टाकली की पाणी थांबते हे खरे, पण तिचे वजन खालच्या बांधकामाला पेलावे लागते, आणि कुठे कमी करायचे व कुठे नाही, हे कागदावर नव्हे तर जागेवरच ठरते. हकीकतीचा तपशील अतिरंजित असेल असे गृहीत धरले, तरी त्या दिवशी कामावर हजर राहून निर्णय घेणारा माणूस कारभारी होता एवढे तिच्यातून उरतेच.

कोळशाचा मँचेस्टरमधला भाव हंड्रेडवेटला (सुमारे पन्नास किलोंना) सात पेन्सांवरून साडेतीन पेन्सांपर्यंत, म्हणजे निम्म्यावर आला. ही भाववाढीची नव्हे, भाव कमी करण्याची बोली कायद्यातच होती, कारण मँचेस्टर व सॅलफर्डमध्ये चार पेन्सांपेक्षा अधिक भाव लावायचा नाही अशी अट ड्यूकने मान्य केली होती. अटीखाली राहूनही नफा होईल हा हिशेब कुणीतरी आधी मांडलेला असणार. पुढे खानदेश-वऱ्हाडच्या कापसाचा भाव ज्या मँचेस्टरच्या मागणीवर चढू-उतरू लागला, त्या मँचेस्टरच्या भरभराटीत या स्वस्त कोळशाचा वाटा होता.

पैशांची कथा वेगळीच. 1762च्या तिसऱ्या कायद्याने कालवा रनकॉर्नपर्यंत, म्हणजे मर्सी नदीच्या मुखाकडे न्यायचे ठरले, आणि जहागिरीच्या तिजोरीत खडखडाट झाला. 1765मध्ये लंडनच्या चाइल्ड पेढीकडून 25,000 पौंडांचे कर्ज काढण्यात आले. ड्यूकने स्वतःचा खर्च वर्षाला 400 पौंडांवर आणला, असे सांगतात. दरम्यान मजुरांची मजुरी थांबू द्यायची नाही म्हणून गिल्बर्ट घोड्यावर बसून कुळांच्या दारी फिरला आणि पाच-दहा पौंड जमतील तसे उसने घेत राहिला. अशाच एका फेरीत वाटेत भेटलेल्या अनोळखी स्वाराशी त्याने घोड्याची अदलाबदल केली, आणि पुढे एका आडवळणाच्या खाणावळीच्या मालकाने त्या घोड्यावरून त्याला वाटमाऱ्या समजून ‘आज हाती काय लागले?’ असे विचारले, ही गोष्ट तिकडे अजून सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, कुळाकडून खंड घ्यायचा त्याच्याकडूनच कर्जही मागायचे, ही नाजूक कसरत त्याने वर्षानुवर्षे निभावली. होड्या एका पातळीवरून दुसरीवर चढवणारी-उतरवणारी रनकॉर्नची दहा पाणदारे 1773मध्ये सुरू झाली. मधल्या तुकड्यासाठी जमीन सोडायला नॉर्टनचे सर रिचर्ड ब्रुक तयार नव्हते, त्यामुळे संपूर्ण कालवा 1776मध्ये जोडला गेला. भूसंपादनात एक जमीनदार आडवा आला की काय होते, ते आमच्या खात्यातल्या कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही. ब्रिंडली तोवर हयात नव्हता. तो 1772मध्येच गेला.

गिल्बर्टची आरती ओवाळण्याचा मात्र माझा हेतू नाही. ड्यूकची नोकरी करता करता त्याचे स्वतःचेही व्यवहार चालू होते. 1764मध्ये ‘अर्ल गॉवर आणि कंपनी’ स्थापन झाली, तिच्यात खुद्द अर्ल, टॉमस गिल्बर्ट आणि जॉन गिल्बर्ट असे तिघे भागीदार होते. म्हणजे मालक आणि कारभारी एकाच पाटावर बसले. मीठ, चुनखडी, शिसे यांच्या धंद्यांतही जॉनचा पैसा होता. त्याच काळात पेशव्यांच्या राज्यात कमाविसदाराकडून, म्हणजे महालाच्या वसुली अधिकाऱ्याकडून, रसद म्हणजे वसुलीपोटीची रक्कम आगाऊ घेत, आणि त्याच्याभोवती फडणीस, मजुमदार, दफ्तरदार असे दरकदार, म्हणजे हिशेब व दप्तर सांभाळणारे सरकारी अधिकारी, नेमत. त्यांना काढण्याचा अधिकार त्याला नसे, म्हणून त्याच्या हिशेबावर दुसऱ्या हाताची नजर राही. ही व्यवस्था कागदावर होती तेवढी व्यवहारात चालली असे कोणी म्हणणार नाही, पण वर्स्लीत तीही नव्हती. तिथे कारभाऱ्याच्या वरच्या बाजूला त्याचा सख्खा भाऊ होता. बचाव एवढाच की ड्यूक स्वतः तिथे राहून बारीकसारीक लक्ष घालत असे.

त्या दक्षतेचा काच खालच्यांना बसला. ब्रिंडलीच्या मानधनाची बाकी ड्यूकच्या पदरी राहिल्याची तक्रार त्याच्या पत्नीने त्याच्या मृत्यूनंतर केली, आणि थैलीची दोरी गिल्बर्टच्या हाती असल्याने त्या तक्रारीचा थोडा डाग त्याच्यावरही येतो. दुपारच्या सुट्टीनंतर मजूर उशिरा येत, एकचा ठोका ऐकू येत नाही अशी सबब सांगत, म्हणून ड्यूकने वर्स्लीच्या घड्याळाला एक वाजता तेरा ठोके मारायला लावले. वर्स्लीच्या चर्चचे घड्याळ ही प्रथा आजही पाळते आणि पर्यटक तिचे कौतुक करतात. खाणीत ओणव्याने राबणाऱ्यांना ते तेरा ठोके तितके गमतीचे वाटले असतील असे मला वाटत नाही.

जॉन गिल्बर्ट 1795मध्ये वर्स्लीतच वारला. ड्यूक त्यानंतर आठ वर्षांनी, 1803मध्ये. अॅशरिज येथे ड्यूकचा स्तंभ आहे, कॉव्हेंट्रीच्या कालव्याकाठी ब्रिंडलीचा पुतळा आहे. टॉमसचेही नाव 1782च्या गरिबांच्या मदतीविषयीच्या ‘गिल्बर्ट कायद्या’मुळे टिकले. आपल्या लेखकाने यापुढे या कालव्यावर लिहिताना कारभाऱ्याला निदान एक परिच्छेद द्यावा, अशी विनंती आहे.

जाता जाता एक दुरुस्ती. लेखासोबत छापलेल्या छायाचित्राखाली ‘1761मध्ये ब्रिंडलीने बांधलेला बार्टनचा जलसेतू’ असे म्हटले आहे. तो दगडी जलसेतू मँचेस्टरच्या जहाज-कालव्यासाठी 1893मध्ये पाडण्यात आला. छायाचित्रात दिसणारा लोखंडी जलसेतू 1894चा आहे. मोठे जहाज आले की दोन्ही टोकांची दारे बंद करून तो पाण्यासकट बाजूला फिरवतात.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता,
सातारा