तुझ्या निबंधांची यादी

कोल्हापूर

चि. ऋतुजास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या शोधनिबंधांची यादी वाचली. बाळंतिणीच्या मनाची तपासणी आणि नाळेतल्या स्टेम सेल (निरनिराळ्या पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशी), दोन्ही कामं वर्षांच्या क्रमानं मिसळली आहेत. परक्याला ती दोन वेगळ्या माणसांची वाटतील. दोन भाग कर आणि वर एवढंच लिही, की दोन्हीकडे संमती बाळंतिणीकडूनच घ्यावी लागते: प्रसूतीआधी नाळेसाठी, सव्वा महिन्यानं मनासाठी. तुझ्या कामाचा धागा तोच आहे.

आधी नाव. एका निबंधात ‘पाटील आर.’, दुसऱ्यात वडिलांच्या अक्षरासह, तिसऱ्यात पूर्ण. आपल्याकडे गल्लीगणिक पाटील, पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या सूचीतही तेच. वडिलांचं अक्षर घालून एकच रूप ठरव, संशोधकाची ओळख पटवणारा १६ अंकी ऑर्किड क्रमांक काढ आणि जुनी रूपं त्याच खात्यात पर्यायी नावं म्हणून नोंदव. लग्नानंतर आधार कार्डावर काहीही लाव, निबंधावरचं नाव बदलू नकोस.

आता बाळंतपणानंतरच्या नैराश्याची एडिंबरा प्रश्नावली. १९८७ ची, १० प्रश्न, मागच्या ७ दिवसांबद्दल, गुण ० ते ३०. ‘वापरली’ एवढं लिहून भागत नाही. कोणता मराठी अनुवाद, बाईनं स्वतः भरली की वाचून दाखवली, नैराश्याची शंका घ्यायची सीमारेषा १० धरली की १३, आणि सासू खोलीत होती का, सगळं लिही. १, २ आणि ४ या प्रश्नांचे गुण पहिल्या उत्तराला ० देऊन चढतात. ३ आणि ५ ते १० यांचे पहिल्या उत्तराला ३ देऊन उतरतात. भरताना हे उलटवायचं राहिलं, की आकडे दिसायला ठीक दिसतात आणि निष्कर्ष चुकीचा निघतो. ही चाळणी आहे, निदान नव्हे. मानसोपचारतज्ज्ञानं तपासलं नसेल तर शीर्षकात ‘नैराश्याचं प्रमाण’ लिहू नकोस.

१० वा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. एकूण गुण कितीही कमी असोत, तिथं ‘कधीच नाही’ सोडून दुसरं उत्तर आलं तर त्याच दिवशी तिला तज्ज्ञापर्यंत पोहोचवायचं, आणि ही व्यवस्था निबंधाच्या पद्धतीत नोंदवायची. ती नसलेला निबंध यादीत ठेवावा असं मला वाटत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी. आजऱ्याची सून कागलला बाळंत होते आणि पुढच्या भेटीला सापडत नाही. नोंदणीलाच दोन्हीकडचे पत्ते आणि फोन घे. गळालेल्या बायकांची संख्या लपवू नकोस. सर्वांत जास्त त्रासात कदाचित त्याच असतील.

नाळेकडे वळते. कळा सुरू झाल्यावर घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे. ती गरोदरपणाच्या तपासणीतच घे. तुझ्या दुसऱ्या निबंधात ‘एन = ३’, म्हणजे नमुने तीन, असं आहे. या तीन आयांच्या नाळा की एकाच नाळेच्या पेशी वाढवलेल्या तीन वाट्या? एकाच नाळेच्या असतील तर एन = १. शेजारी पॅसेज क्रमांक, म्हणजे पेशी कितव्यांदा नव्या वाटीत हलवल्या तो आकडा, हवाच. तिसऱ्या आणि नवव्या पॅसेजच्या पेशी एका तराजूत तोलता येत नाहीत. या स्टेम सेलना ‘मेसेन्कायमल’ (हाड, चरबी, कूर्चा घडवणाऱ्या प्रकारच्या) म्हणायचं तर २००६ चे निकष पूर्ण दाखव: प्लास्टिकला चिकटणं, सीडी७३, सीडी९०, सीडी१०५ या पृष्ठभागावरच्या खुणा किमान ९५ टक्के पेशींवर, सीडी४५, सीडी३४ सारख्या खुणा २ टक्क्यांच्या आत, आणि हाड, चरबी, कूर्चा अशा तिन्ही दिशांनी रूपांतर. वाढवलेल्या पेशी दूषित करणारा मायकोप्लाझ्मा हा जंतू साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही, म्हणून त्याच्या चाचणीची तारीखही दे.

बाकीचं थोडक्यात. प्रीप्रिंट (तज्ज्ञांनी तपासण्याआधी जाहीर केलेला मसुदा) आणि छापील निबंध मिळून एकच नोंद. परिषदेतले गोषवारे वेगळे. प्रत्येक निबंधाखाली तू नेमकं काय केलंस ते एका ओळीत लिही: नमुने गोळा केले, विश्लेषण केलं, मसुदा लिहिला. काम न केलेल्या विभागप्रमुखांचं नाव मान म्हणून घालू नकोस. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा नियतकालिक तूच पारखायचं; पैसे मागून आठवड्यात स्वीकृती देणाऱ्याकडे जाऊ नकोस.

दसऱ्याला येशील तेव्हा सुधारलेली यादी छापून आण, आणि त्या तीन वाट्यांचं उत्तरही.

तुझी,
आई