मानशीचे दार शेतकऱ्याच्या ताब्यात द्या : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषिमंत्री, गोवा राज्य

सप्रेम नमस्कार.

राजस्थानच्या वाळवंटात गहू पिकतो, मग भरपूर पाऊस पडणाऱ्या गोव्यात शेते पडीक का, असे वरचेवर विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. पण त्या वाळवंटाची गोष्ट आपल्यापर्यंत अर्धीच पोचते, म्हणून ती पुरी सांगून आमच्या खाजनांचे, म्हणजे नदीकाठी बांध घालून राखलेल्या सखल भातशेतांचे, गाऱ्हाणे मांडायला हे पत्र लिहीत आहे.

१९५८ साली राजस्थान कालव्याची पायाभरणी झाली. पुढे त्याला इंदिरा गांधींचे नाव मिळाले. सतलज आणि बियास जिथे मिळतात त्या हरिकेहून निघालेले पाणी थारमध्ये आले आणि हनुमानगड-बिकानेरकडे गहू, मोहरी, कापूस उभा राहिला. काम खरेच थोर. पण काही पट्ट्यांत जमिनीखाली जिप्समचा कठीण थर होता. दिलेले पाणी मुरेना, निचऱ्याला वाट मिळेना. भूजल वर चढले, त्याबरोबर क्षार वर आले आणि नुकती पिकू लागलेली शेते पाणथळ व खारट झाली. कोरडी जमीन पिकवायची तर पाणी आणून भागत नाही. मातीतले मीठ धुऊन बाहेर काढावे लागते. त्यासाठी तिथे जादा गोडे पाणी सोडावे लागते, जमिनीखाली निचऱ्याचे पाइप पुरावे लागतात.

आपल्याकडे हे धुण्याचे काम पाऊस फुकट करतो, वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर. मांडवी-झुआरी नद्यांच्या काठची खाजने आपल्या पूर्वजांनी याच भरवशावर भरतीच्या पाण्यातून काढली. मे महिन्यात भेगाळलेल्या खाजनावर मिठाची पांढरी साय धरते. मिरगाच्या सरींनी ती विरघळते, ओहोटीला मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, नदीत जाते आणि माती गोडी झाली की मोड आलेले कोरगुट, म्हणजे खारेपणा सोसणारे आमचे जुने भात, फेकले जाते. मानशीची फळी भरतीच्या रेट्याने मिटते, ओहोटी लागली की आतल्या पाण्याने उघडते. वीज नको, मोटर नको. बियाणेही आहे: जुने गोवेच्या केंद्रीय संशोधन संस्थेने कोरगुटमधूनच निवडलेले 'गोवा धान १' आणि 'गोवा धान २' खारेपणा सोसतात.

मग बिघडते कुठे? आमच्या खाजनात मानशीतल्या मासळीची पावणी, म्हणजे मासे धरण्याच्या हक्काचा लिलाव, होते. घेणाऱ्याला भरतीबरोबर येणारी कोळंबी हवी असते, म्हणून भरतीलाही दार उघडे ठेवले जाते. खारे पाणी थेट शेतात येते. कुर्ल्यांनी बांधात केलेली भोके त्याच पाण्याने रुंदावत जातात. चिखलाचा बांध आहे तो. आज मूठभर चिकणमातीने बुजणारे भोक दोन उधाणांत खिंडार होते. अर्ज केला की पाहणी, अंदाजपत्रक, निविदा असे करत पावसाळा उलटतो. एका हंगामाचे भात गेले तर शेतकरी सोसतो. तीन-चार वर्षे खारे पाणी राहिले की तिथे तिवर रुजते. तिवराला कायद्याचे संरक्षण आहे आणि ते असायलाच हवे, पण त्यानंतर ते शेत पुन्हा शेत होणे जवळपास अशक्य. मग तीच जमीन कागदोपत्री पडीक ठरते आणि बिगरशेती कामासाठी जमिनीचे रूपांतर मागणाऱ्यांना आयते कारण मिळते. याचा मला मनस्वी संताप येतो. ती जमीन निसर्गाने नापीक केलेली नाही.

महोदय, आम्ही नवी योजना मागत नाही. पावणीच्या करारात एवढीच स्पष्ट अट घाला की पेरणीच्या आधीपासून कापणीपर्यंत भरतीला दार बंद राहील. ती मोडली तर करार रद्द व्हावा, आणि दाराचा ताबा पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या समितीकडे असावा. बांधाचे लहान भगदाड बुजवायला आपल्या खात्याच्या मृदसंधारण विभागाने तालुक्याच्या पातळीवरच मंजुरी द्यावी. आठवडाभरात माती पडली तर बांध वाचतो, निविदेची वाट पाहिली तर नाही. पडीक खाजनांत पेरणीआधी मातीचा आणि पाण्याचा खारेपणा मोजून द्यावा, म्हणजे कुठे यंदाच कोरगुट टाकता येईल आणि कुठे आणखी एक पावसाळा धुवावे लागेल ते आम्हाला कळेल. आणि बांध फुटल्यामुळे पडीक राहिलेल्या खाजनाचे रूपांतर मंजूर होऊ नये, हे मंत्रिमंडळात आपणच ठामपणे मांडावे.

पुढच्या पावणीचे करार व्हायच्या आत ही अट त्यांत आली पाहिजे. एकदा सह्या झाल्या की मुदत संपेपर्यंत आमच्या हातात काही राहत नाही.

आपला,
मांडवीकाठचा एक खाजन शेतकरी