रोयणीचं वारूळ मोडू नका

उमेओ, स्वीडन

ती. काकांस सा. न. वि. वि.

काजूच्या उतारावरचं वारूळ खणून टाकायचं आणि खालचा पाला पेटवून द्यायचा, असं काकूंनी कळवलं. काका, दोन्ही थांबवा, नाहीतर पावसात त्या वारुळातून वर येणारी रोयण अळमी जाईल.

अळमी म्हणजे आळंबी, एक बुरशीच. ती हिरवी नाही, उन्हावर साखर करणं तिला जमत नाही. कार्बन एकतर जिवंत झाडाकडून मिळवायचा, नाहीतर मेलेल्या लाकडा-पाल्यातून. इथल्या पाइनच्या मुळांच्या टोकांना बुरशी मोज्यासारखी लपेटून असते. झाडाची साखर घेते, बदल्यात नत्र-स्फुरद देते. 2001 साली इथल्याच जंगलातला एक प्रयोग छापून आला. पाइनच्या खोडाची साल कडं काढल्यासारखी गोल काढली. पाणी वर चढत राहिलं, साखर मात्र खाली उतरेना. एक-दोन महिन्यांत जमिनीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड सुमारे 54 टक्क्यांनी घटला! जमिनीखालचं एवढं सगळं पानांच्या ताज्या साखरेवर चाललं होतं.

काजूची बुरशी मुळाच्या पेशींत शिरते. तिला स्निग्धाम्लंही (तेला-चरबीचे घटक) स्वतः करता येत नाहीत, तीही झाडच पुरवतं. सुपर फॉस्फेट भारंभार घातलं की झाड हा खर्च आखडतं आणि बुरशी घटते.

रोयण अळमीचं तिसरंच. वाळवी वाळका पाला, काटक्या चावून नेते आणि विष्ठेच्या बारीक गोळ्यांनी भोकाभोकांचं पोळं बांधते. त्यावर बुरशी वाढते, लाकडातलं चिवट लिग्निन मोडते. मग पोळ्याचा मुरलेला जुना भाग वाळवी खाते. पावसात वर येते त्या अळमीचा दांडा मुळासारखा लांब, थेट त्या पोळ्यापर्यंत गेलेला असतो. पाला जाळलात तर वाळवीचं खाणं गेलं, वारूळ मोडलंत तर पोळं गेलं. सातेरी देवी म्हणून वारूळ पुजणाऱ्या गावात ते टिकलंच पाहिजे.

अळमी काढताना दांडा जमिनीलगत सुरीने कापा, खणू नका. उमललेल्या चार-दोन तशाच राहू द्या. वाळवीने जिवंत काजूच्या खोडावर माती चढवली तर ती खरवडून काढा. वारुळात औषध ओतू नका.

पडलेला फणसाचा ओंडका सावलीत राहू द्या. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांखाली गेला की बुरशीचं काम थांबतं. पाण्यात पूर्ण बुडाला तर हवा मिळत नाही म्हणून थांबतं. भुसा मात्र मातीत मिसळू नका. त्यात कार्बन नत्राच्या शेकडो पट, तो कुजवताना सूक्ष्मजीव मातीतलं नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. वरच पसरा, बुंध्यापासून हातभर लांब.

काकूंना नमस्कार.

आपला पुतण्या