डोळ्यांचं काढणार नव्हतो

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल मी आवाज चढवला, चुकलंच. कुणीतरी दार उघडलं, उजेड पडला आणि रोडॉप्सिनचा, म्हणजे डोळ्यातल्या उजेड टिपणाऱ्या प्रथिनाचा, नमुना वाया गेला, हे तू रडवेली होऊन सांगत होतीस. आणि मी काय विचारलं? "डोळे तपासलेस का?" तू फोन ठेवलास.

आज डोळ्यांचं काढणार नाही. तुझा आलेख पुढ्यात घेऊन बसलोय. सुट्टीत तू समजावलं होतंस: अंधारात एकदा इन्फ्रारेड वर्णपट घ्यायचा, प्रकाश पाडून पुन्हा घ्यायचा, मग वजाबाकी. जे बंध बदलले नाहीत ते मिटतात, बदललेले तेवढे वर-खाली उठून दिसतात. प्रथिनाच्या कण्याची खूण १६०० ते १७०० प्रति सेंटिमीटरच्या पट्ट्यात, आणि पाणीही नेमकं तिथंच, १६४५ जवळ, शोषून घेतं. म्हणून नमुन्याचा थर इतका पातळ ठेवायचा. प्रकाश पडला की रोडॉप्सिनच्या पोटातला रेटिनल नावाचा वाकडा रेणू २०० फेम्टोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात, सरळ होतो. त्या धक्क्यानं भोवतीचं प्रथिन कसं अंग बदलतं, ते माझी मुलगी बघते. भेटेल त्याला सांगतो मी हे.

पण लेझर चालू असताना गॉगल काढत जाऊ नकोस. जागरणं कमी कर. वेळेवर जेव. एकदा दृष्टिपटल दाखवून... बघ, आलोच तिथं. माफ कर.

नाना आठवतात. दिवेलागणीला उंबरठा पायानं चाचपायचे. तू पाच वर्षांची, त्यांचं बोट धरून म्हणायचीस, "नाना, पायरी." त्यांना काय झालं होतं, तेव्हा कुणाला ठाऊक होतं? रोडॉप्सिनमध्ये २३ व्या जागी एक अमिनो आम्ल बदललं तरी प्रथिनाची घडी बिघडते आणि रातांधळेपणा येतो, हे पुढे तूच सांगितलंस. आपल्या घरात दोष नेमका कुठला, ते अजून कुणी तपासलेलं नाही.

काल फोन केला होता तो वेगळ्याच कारणासाठी. डॉक्टरांनी मला रात्री गाडी चालवायला मनाई केली. कडेचं दिसणं कमी झालंय. समोरचं स्वच्छ दिसतं, तुझा आलेखही. तुझ्याकडे हे यायची शक्यता निम्मी, असं ते म्हणाले. मला तेवढंच ऐकू आलं.

तारीख घेतलीस की कळव. आणि पुढचा नमुना लावशील तेव्हा दाराला आतून कडी घाल.

तुझा,
बाबा