उंचीपलीकडचा वेम्बान्यामा

महोदय,

व्हिक्टर वेम्बान्यामा या फ्रेंच बास्केटबॉलपटूविषयीचे लिखाण बहुधा त्याच्या सात फुटांहून अधिक उंचीपाशीच थांबते, याची खंत वाटते. पॅरिसजवळच्या नॉन्तेरच्या क्लबमध्ये घडलेला हा मुलगा २०१९ मध्ये, अवघा पंधरा वर्षांचा असताना, व्यावसायिक सामन्यात उतरला. पुढे अस्वेल या फ्रेंच क्लबकडून खेळताना दुखापतींनी त्याला बेजार केले. मात्र २०२२ मध्ये युरोलीग या युरोपातील अव्वल क्लब स्पर्धेत खेळणारा हा नामांकित क्लब सोडून, जिथे मैदानावर अधिक वेळ मिळेल अशा मेट्रोपोलिटन्स ९२ संघात जाण्याचा त्याने घेतलेला निर्णय मला सर्वांत मोलाचा वाटतो. तेथे, त्या वेळी फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाचेही प्रशिक्षक असलेल्या व्हँसाँ कोले यांच्या मार्गदर्शनाखाली तो त्याच हंगामात फ्रेंच लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि जून २०२३ मध्ये सॅन अँटोनिओ स्पर्स संघाने एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, सर्वप्रथम त्याचीच निवड केली.

– एक बास्केटबॉलप्रेमी वाचक, नाशिक