मजुरांची मुले शिकतील, पण बागायतदारांनी मनावर घेतले तर

महोदय,

गोव्यातल्या आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत राहणाऱ्या लमाणी जोडप्याची मुलगी यंदा प्रथम श्रेणीत दहावी पास झाली. आईबाप विजापूरकडचे. घरात लमाणी, गावात कोकणी, सरकारी प्राथमिक शाळेत मराठी आणि पाचवीपासून सगळे विषय इंग्रजीतून. एवढे पार करून ती इथवर आली, याचे मला फार अप्रूप आहे.

ती हुशार आहेच. पण तिच्याइतक्याच हुशार चुलतभावंडांची शाळा चौथी-पाचवीत सुटली. तिचे आईबाप बारा महिने एका जागी राहिले. भावंडांचे आईबाप मुकादमामागून हंगामागणिक बागा बदलत गेले. माझ्या मते सगळा फरक इथेच पडला.

काजूचा हंगाम नेमका परीक्षांच्या दिवसांत येतो. २०२५ साली तर सहावी ते दहावीचे नवे वर्गही एप्रिलमध्येच सुरू झाले. पहाटे बोंडे वेचायला नेलेले मूल बालरथाच्या, म्हणजे शाळेच्या बसच्या वेळेला परतत नाही. पुढे ते शाळेत जायचेच थांबते.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. पण हे रानातल्या मजुराला सांगणार कोण? शिवाय तो कायदा आठवीपर्यंतचा. पुढे जातीचा प्रश्न येतो: लमाणी समाज कर्नाटकात अनुसूचित जातींत आहे, गोव्याच्या यादीत नाही. गोव्यात जन्मलेल्या या मुलीला त्या सवलती इथे मिळत नाहीत.

महाराष्ट्रात ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत, स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड मिळते. ते दाखवून मूल नव्या गावच्या वर्गात बसू शकते. आपल्या शिक्षण खात्यानेही परराज्यांतून येणाऱ्या मुलांसाठी अशी सोय करावी.

सरकारइतकीच माझी विनंती सत्तरी, सांगे, फोंड्यातल्या बागायतदारांना आहे. सुपारी, नारळ, शिंपण, पावसाळ्यात बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकाची फवारणी असे काम कुळागरात वर्षभर असते. हंगामापुरती माणसे आणण्यापेक्षा एका तरी कुटुंबाला कायम ठेवा. शाळाप्रवेशाच्या वेळी ते आपल्या जागेत राहतात असे पत्र सही करून द्या. बोंडे वेचायला मुलांऐवजी एक मजूर जास्त लावा. काजूबियांना दर मिळत नाही हे मला कळते, माझेही घर त्यावरच चालते. तरीही एवढी मजुरी आपल्याला झेपेल.

– एक बागायतदार, केरी-सत्तरी